दरीतील गावासाठी एफएम रेडिओचा एरियल आणि विवर्धक

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन थडकले. विजेचे खांब उन्मळले, झाडे तारांवर कोसळली आणि कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात राहिली. वीज गेल्यामुळे मोबाइलचे मनोरेही ठिकठिकाणी मुके झाले. पुढील वर्षी, म्हणजे जुलै २०२१ मध्ये, महाड व चिपळूण येथे महापूर आला आणि २२ जुलै रोजी तळिये येथे दरड कोसळली. अशा प्रसंगी हवामानाचा इशारा, नदीच्या पातळीची खबर आणि मदतकेंद्राचा ठावठिकाणा कळण्याचे जे साधन केवळ दोन सेलांवर चालते, ते म्हणजे रेडिओ संच.

परंतु गावात संच असणे आणि त्यावर बातमी स्पष्ट ऐकू येणे या दोन निराळ्या गोष्टी होत. सह्याद्रीच्या कुशीतील, डोंगराआड वसलेल्या पुष्कळ वाड्यांत एफएम केंद्र लावले असता शब्दांपेक्षा खरखरच अधिक कानी पडते. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीचा भर मध्यम लहरींकडून एफएमकडे सरकत आहे. २८ एप्रिल २०२३ रोजी देशात प्रत्येकी १०० वॅटचे ९१ एफएम प्रक्षेपक एकाच वेळी सुरू करण्यात आले. अशा लहान प्रक्षेपकांचा पल्ला मर्यादित असल्यामुळे त्यांचे प्रक्षेपण काठावरच्या गावांपर्यंत पोहोचवून घेण्याचे काम काही अंशी त्या गावांनाच करावे लागते.

हे काम शाळेच्या कार्यशाळेत, थोड्या खर्चात होऊ शकते. या लेखात एक साधा एरियल आणि एका ट्रान्झिस्टरचा विवर्धक, म्हणजेच ज्याला बाजारात ‘बूस्टर’ म्हणतात तो, कसा तयार करावा हे सांगितले आहे. मात्र त्याआधी विवर्धकाकडून कोणती अपेक्षा ठेवावी आणि कोणती ठेवू नये हे समजून घेणे आवश्यक आहे.

तरंग डोंगर का ओलांडत नाहीत?

मध्यम लहरींची लांबी काही शे मीटर असते. त्या जमिनीला धरून दूरवर जातात आणि टेकड्याटेकाडांना वळसा घालतात. एफएम प्रक्षेपणासाठी आपल्या देशात ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा वापरला जातो. या लहरींची लांबी सुमारे तीन मीटर असते आणि त्या बहुतांशी प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत प्रवास करतात. वातावरणामुळे त्या किंचित वाकतात, एवढेच. म्हणून एफएमच्या बाबतीत ‘प्रक्षेपकाची शक्ती किती?’ या प्रश्नाइतकाच ‘मनोरा दिसतो का?’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

सपाट प्रदेशात हा दृष्टिपल्ला काढण्याचा एक सोपा नियम आहे. प्रक्षेपकाच्या एरियलची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे, आपल्या एरियलच्या उंचीचेही वर्गमूळ काढावे, दोन्हींची बेरीज करून तिला ४.१२ ने गुणावे. येणारे उत्तर किलोमीटरमध्ये असते.

उदाहरणार्थ, सामुदायिक रेडिओ केंद्रांसाठी २००६ च्या धोरणाने एरियलची कमाल उंची ३० मीटर आणि परिणामी प्रक्षेपणशक्ती १०० वॅट अशी मर्यादा ठरवून दिली. ३० मीटर उंचीचा वाटा येतो २२.६ किलोमीटर. आपला संच टेबलावर, म्हणजे जमिनीपासून १.५ मीटरवर असेल, तर त्याचा वाटा ५ किलोमीटर. तोच एरियल ९ मीटर उंचीवर नेल्यास हा वाटा १२.४ किलोमीटर होतो. एकूण पल्ला २७.६ वरून ३५ किलोमीटरवर जातो. प्रक्षेपणाची शक्ती मर्यादित असल्यामुळे स्पष्ट ऐकू येण्याचा पल्ला प्रत्यक्षात याहून बराच कमी असतो. परंतु उंचीमुळे होणारा लाभ मात्र खरा असतो. त्यासाठी विजेचा एक थेंबही खर्च होत नाही.

दरीतील गावाला मनोरा दिसतच नाही. तेथे जे काही पोहोचते ते डोंगराच्या धारेवरून खाली वाकलेले किंवा समोरच्या कड्यावर आपटून परतलेले असते. दोन वाटांनी आलेले तरंग काही जागी एकमेकांना बळ देतात, तर काही जागी एकमेकांना मारतात. त्यामुळे अंगणात एका कोपऱ्यात केंद्र लागते आणि दीड मीटर अंतरावर लागत नाही, असा अनुभव येतो. हा संचाचा दोष नव्हे.

खरखरीचे मूळ

एफएम पद्धतीचे पेटंट अमेरिकन अभियंता एडविन आर्मस्ट्राँग यास १९३३ मध्ये मिळाले. भारतात एफएम सेवेचा आरंभ २३ जुलै १९७७ रोजी मद्रास येथे झाला. या पद्धतीत आवाजाची माहिती लहरीच्या जोरात नसून तिच्या कंपनसंख्येच्या चढउतारात असते. म्हणून विजेचा कडकडाट किंवा मोटारीची ठिणगी यांचा तिच्यावर मध्यम लहरींइतका परिणाम होत नाही.

तथापि या पद्धतीला एक उंबरठा असतो. आलेला संकेत पार्श्वभूमीच्या गोंगाटाहून पुरेसा मोठा असेल तोवर आवाज स्वच्छ येतो. तो या उंबरठ्याखाली गेला की खरखर एकदम वाढते. यातच आशेची बाजूही आहे. गाव या उंबरठ्याच्या जरासेच खाली असेल, तर संकेतात केलेली दुप्पट-तिप्पट वाढदेखील खरखरीचे रूपांतर सुस्पष्ट बोलण्यात करू शकते.

येथेच विवर्धकाविषयीचा गैरसमज दूर केला पाहिजे. विवर्धक जसा संकेत वाढवितो तसाच संकेताबरोबर आलेला गोंगाटही वाढवितो आणि त्यात स्वतःचा थोडा गोंगाट मिसळतो. विहिरीतले पाणी गढूळ असेल, तर मोठा पंप बसविल्याने ते निवळत नाही. एरियलवर जे आलेच नाही ते विवर्धक निर्माण करू शकत नाही. तो दोन प्रसंगी उपयोगी पडतो. पहिला, एरियल उंचावर असून तेथून संचापर्यंत लांब केबल आणावी लागते व तीत संकेत क्षीण होतो तेव्हा. दुसरा, संच स्वस्त असून त्याचा पहिला टप्पा कमकुवत असतो तेव्हा. म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा: प्रथम जागा आणि उंची, नंतर एरियल, मग केबल आणि सर्वांत शेवटी विवर्धक.

तीन प्राथमिक कसोट्या

काहीही विकत आणण्यापूर्वी पुढील तीन गोष्टी करून पाहाव्यात.

एक, सेलांवर चालणारा संच घेऊन गच्चीवर, शाळेच्या कौलांजवळ शिडीवर आणि जवळच्या उंचवट्यावर जावे. कोठेतरी केंद्र ओळखू येण्याइतके लागले पाहिजे. गावात कोठेच शब्द कळत नसेल, तर विवर्धकावर पैसा खर्च करू नये.

दोन, संचावर ‘स्टीरिओ’ व ‘मोनो’ असे बटण असल्यास ते मोनोवर ठेवावे. स्टीरिओ स्वच्छ ऐकू येण्यासाठी मोनोपेक्षा कितीतरी अधिक जोरदार संकेत लागतो. बातम्या व इशारे ऐकण्यासाठी मोनो पूर्णपणे पुरेसा आहे. अनेकदा एवढ्यानेच काम भागते.

तीन, इमारतीचा मुख्य विद्युतप्रवाह दोन मिनिटे बंद करून संच ऐकावा. खरखर कमी झाली, तर तिचा उगम डोंगरात नसून घरातच आहे असे समजावे. हलक्या प्रतीचे एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर हे या गोंगाटाचे नेहमीचे कारण होय. अशा वेळी दोषी उपकरण शोधून ते बदलणे हाच उपाय असतो.

एरियलची बांधणी

येथे वर्णन केलेला एरियल ‘अर्धतरंग द्विध्रुव’ या नावाने ओळखला जातो. त्यात धातूच्या दोन सारख्या नळ्या एका रेषेत, मध्ये लहानशी फट ठेवून बसविलेल्या असतात. त्याची लांबी कशी ठरते हे विद्यार्थ्यांकडून काढून घेण्याजोगे आहे. ३०० या संख्येला मेगाहर्ट्‌झमधील कंपनसंख्येने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. तिचा अर्धा भाग म्हणजे १५० भागिले कंपनसंख्या. नळीच्या जाडीमुळे प्रत्यक्षात सुमारे ५ टक्के कमी लांबी पुरते. म्हणून १४३ भागिले कंपनसंख्या हे सूत्र वापरावे. त्यानुसार काही मापे अशी येतात:

९०.४ मेगाहर्ट्‌झ – एकूण लांबी १.५८ मीटर, प्रत्येक नळी ७९ सेंटिमीटर
९८ मेगाहर्ट्‌झ – एकूण लांबी १.४६ मीटर, प्रत्येक नळी ७३ सेंटिमीटर
१०१ मेगाहर्ट्‌झ – एकूण लांबी १.४२ मीटर, प्रत्येक नळी ७१ सेंटिमीटर
१०७.८ मेगाहर्ट्‌झ – एकूण लांबी १.३३ मीटर, प्रत्येक नळी ६६ सेंटिमीटर

एकाच केंद्रासाठी एरियल करावयाचा असेल, तर त्या केंद्राचे माप घ्यावे. सर्व केंद्रांसाठी ९८ मेगाहर्ट्‌झचे माप पट्ट्याच्या मध्यावर येत असल्याने चालून जाते.

८ ते १० मिलिमीटर व्यासाच्या अॅल्युमिनियमच्या दोन नळ्या घ्याव्यात. पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यावर किंवा बेकेलाइटच्या पट्टीवर त्या घट्ट बसवाव्यात व मधली फट दोन सेंटिमीटर ठेवावी. नळ्यांच्या आतल्या टोकांना स्क्रू व वॉशर लावावे. केबल टीव्हीसाठी वापरतात ती ७५ ओहमची आरजी-६ केबल घ्यावी. तिची मधली तार एका नळीला आणि बाहेरची जाळी दुसऱ्या नळीला जोडावी. जोडावर पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून तो चांगल्या चिकटपट्टीने व वरून सीलंटने बंद करावा. केबलीत एकदा पाणी शिरले की ती टाकूनच द्यावी लागते. जोडाच्या लगेच खाली त्याच केबलीचे सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचे पाच वेढे करून बांधावेत. त्यामुळे केबलीची जाळी स्वतःच एरियलसारखी वागून घरातला गोंगाट वर ओढून आणीत नाही.

हा एरियल आपल्या नळ्यांच्या काटकोनातील दिशांना अधिक ऐकतो आणि नळ्यांच्या टोकांच्या दिशेने जवळजवळ बहिरा असतो. म्हणून नळ्या आडव्या ठेवल्या असता त्यांची बाजू केंद्राकडे करावी. काही केंद्रांच्या लहरी उभ्या पातळीत कंपन करतात. अशा केंद्रासाठी नळ्या उभ्या धरल्यास आवाज सुधारतो. नळ्या उभ्या ठेवल्यास केबल निदान अर्धा मीटर आडवी नेऊन मगच खाली सोडावी. दोन्ही प्रकार करून पाहून जो कानाला पटेल तो कायम करावा. दरीत एरियलचे तोंड केंद्राच्या दिशेपेक्षा समोरच्या कड्याकडे केल्यावर अधिक चांगले ऐकू येण्याचाही संभव असतो.

आणखी लाभ हवा असेल, तर १.५३ मीटर लांबीची एक अखंड नळी एरियलच्या मागे ६० सेंटिमीटर अंतरावर, त्याला समांतर बसवावी. तिला केबल जोडावयाची नाही. ही नळी परावर्तकाचे काम करते व समोरून येणाऱ्या संकेताची शक्ती दुपटीहून अधिक करते. शिवाय मागून येणारा गोंगाट ती अडविते, जे कोणताही विवर्धक करू शकत नाही. हे तत्त्व जपानमधील सेंदाई येथील विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास मांडले. घरोघरी पूर्वी दिसणारे दूरदर्शनचे एरियल याच घराण्यातले.

विवर्धकाचे साहित्य

साहित्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्ती करणाऱ्याकडे मिळू शकते. ते असे:

ट्रान्झिस्टर बीएफ ४९४ – १
रोधक – ३३ किलोओहम, १० किलोओहम, १.५ किलोओहम, प्रत्येकी १
चिनी मातीची चकतीवजा धारित्रे, १००० पिकोफॅरड – ४
विद्युतविच्छेद्य धारित्र, १० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट – १
ट्रिमर धारित्र, २२ पिकोफॅरड – १
डायोड १एन ४१४८ – २
२० गेजची इनॅमलची तांब्याची तार – सुमारे २५ सेंटिमीटर
९ व्होल्टची बॅटरी, बटण, केबलीची दोन सॉकेटे आणि पत्र्याचा लहान डबा

वेटोळ्यासाठी ६ मिलिमीटरच्या ड्रिलच्या दांड्यावर तारेचे सहा फेरे घ्यावेत. दांडा काढून घेऊन फेरे हलकेच ताणावेत व वेटोळ्याची लांबी ९ मिलिमीटर करावी. एका टोकापासून दीड फेऱ्यावर इनॅमल खरवडून तेथे एक छोटी तार डाखावी. हे वेटोळे आणि ट्रिमर मिळून ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात कोठेही जुळविता येतात.

जोडणी

तांब्याचा थर असलेल्या पत्रीवर सर्व भाग शक्य तितक्या आखूड पायांनी जोडावेत. पत्रीचा तांब्याचा थर हाच ‘भूमी’ समजावा. बॅटरीचे ऋण टोक व दोन्ही सॉकेटांचा बाहेरचा भाग त्याला जोडावा. पत्रीच्या एका बाजूला आवक आणि दुसऱ्या बाजूला जावक ठेवावी. बीएफ ४९४ च्या पायांचा क्रम नेहमीच्या ट्रान्झिस्टरहून निराळा असल्यामुळे तो माहितीपत्रकावरून पाहूनच डाख द्यावा. त्यानंतर पुढील क्रमाने जावे.

१. बेसपासून ३३ किलोओहमचा रोधक धन टोकाकडे आणि १० किलोओहमचा रोधक भूमीकडे जोडावा. बेसपासून भूमीपर्यंत १००० पिकोफॅरडचे एक धारित्र अगदी आखूड पायांनी लावावे.

२. एमिटरपासून १.५ किलोओहमचा रोधक भूमीकडे न्यावा.

३. एरियलच्या सॉकेटची मधली तार १००० पिकोफॅरडच्या दुसऱ्या धारित्रातून एमिटरला जोडावी. सॉकेटजवळ दोन्ही डायोड एकमेकांच्या उलट दिशेने, मधली तार व भूमी यांच्यामध्ये लावावेत. वादळी हवेत एरियलवर साठणाऱ्या लहानसहान विद्युतभारापासून ते ट्रान्झिस्टरचे रक्षण करतात.

४. वेटोळ्याचे जे टोक डाखलेल्या तारेपासून दूर आहे ते कलेक्टरला आणि जवळचे टोक धन टोकाला जोडावे. ट्रिमर वेटोळ्याच्या दोन टोकांना समांतर लावावा.

५. वेटोळ्यावर डाखलेली तार १००० पिकोफॅरडच्या तिसऱ्या धारित्रातून जावक सॉकेटकडे न्यावी.

६. उरलेले १००० पिकोफॅरडचे धारित्र आणि १० मायक्रोफॅरडचे धारित्र वेटोळ्याच्या जवळ, धन टोक व भूमी यांच्यामध्ये जोडावे. मोठ्या धारित्राची धन-ऋण बाजू तपासून घ्यावी.

शेवटी आवक व जावक यांच्यामध्ये पत्र्याचा एक उभा पडदा डाखून सर्व रचना डब्यात बंद करावी. संकेत एमिटरमधून आत शिरतो व कलेक्टरमधून बाहेर पडतो. बेस धारित्रामुळे उच्च कंपनसंख्येसाठी भूमीवरच असतो. त्यामुळे जावकेचा अंश आवकेकडे परतण्यास वाव कमी राहतो आणि नवशिक्याच्या हातूनही ही रचना सहसा स्थिर राहते.

जुळवणी व चाचणी

बॅटरी जोडण्यापूर्वी धन व ऋण टोके एकमेकांना भिडलेली नाहीत याची मल्टिमीटरने खात्री करावी. बॅटरी जोडल्यावर एमिटरवर १.२ ते १.५ व्होल्टच्या दरम्यान दाब दिसला पाहिजे. तो शून्य असल्यास बेसकडील जोडणी अथवा ट्रान्झिस्टरचे पाय चुकले आहेत असे समजावे. सर्व काही ठीक असता ही रचना सव्वा मिलिअँपियरच्या आसपासच प्रवाह घेते, म्हणून एक बॅटरी दीर्घकाळ पुरते.

जावकेकडून केबल संचाकडे न्यावी. संचाला एरियलचे सॉकेट नसल्यास केबलीची मधली तार चिमट्याने संचाच्या दांडीला लावावी आणि जाळी बॅटरीच्या कप्प्यातील ऋण टोकाला जोडावी. आता क्षीण येणारे केंद्र लावून ट्रिमर हळूहळू फिरवावा. त्यासाठी प्लॅस्टिकचा स्क्रू-ड्रायव्हर वापरावा. लोखंडी वापरल्यास तो दूर करताच जुळवणी बिघडते. खरखर जेथे सर्वांत कमी होईल तेथे ट्रिमर ठेवावा. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचे केंद्र ऐकण्यासाठी जुळवणी पुन्हा करावी लागेल.

यानंतर खरी परीक्षा घ्यावी. तेच केंद्र त्याच वेळी तीन प्रकारे ऐकावे: केवळ संचाच्या दांडीवर, विवर्धकाशिवाय बाहेरच्या एरियलवर आणि विवर्धकासह बाहेरच्या एरियलवर. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारात फरक जाणवला नाही, तर विवर्धक काढून ठेवावा. तो प्रयोग वाया गेला असे मात्र मानू नये; एरियलनेच काम झाले, एवढाच त्याचा अर्थ. चांगली आरजी-६ केबल २० मीटर लांबीत संकेताची सुमारे एकचतुर्थांश शक्तीच गमावते. केबल याहून पुष्कळ लांब असेल तर विवर्धकाचा डबा संचाजवळ न ठेवता एरियलच्या खांबाजवळ, वळचणीखाली कोरड्या जागी ठेवावा. संकेत थकण्यापूर्वी त्याला बळ देणे अधिक फलदायी असते.

सावधगिरी

विवर्धकाची जावक चुकून आवकेपर्यंत परतली तर तो स्वतःच कंपन करू लागतो आणि एक छोटा प्रक्षेपक बनतो. १०८ मेगाहर्ट्‌झच्या लगेच वर विमानांच्या मार्गदर्शनाचा व संभाषणाचा पट्टा सुरू होतो. त्यामुळे हा दोष क्षुल्लक समजू नये. शेजारी दुसरा संच ठेवून पाहावे. विवर्धक सुरू करताच त्या संचावर एखाद्या ठिकाणी खरखर थांबून अकस्मात शांतता पसरली, किंवा डब्याजवळ हात नेताच आवाज बदलला, तर कंपन होत आहे असे समजून बॅटरी काढावी. बेसच्या धारित्राचे पाय आखूड करणे, पडदा नीट डाखणे आणि कलेक्टर व वेटोळे यांच्यामध्ये २२ ओहमचा रोधक घालणे हे त्यावरचे उपाय होत. परवान्यावाचून प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, हेही विद्यार्थ्यांना याच वेळी सांगावे.

मोठे केंद्र जवळ असेल तेथे विवर्धक लावू नये. जोरदार संकेताने तो गुदमरतो आणि एकच केंद्र पट्ट्यावर अनेक ठिकाणी ऐकू येऊ लागते.

खांब उभारताना विजेच्या तारांपासूनचे अंतर खांबाच्या उंचीहून अधिक ठेवावे. खांब पडलाच तरी तो तारांवर पडता कामा नये. खांब जाड तारेने जमिनीत गाडलेल्या भूमिसंयोगाला जोडावा. आकाशात गडगडाट सुरू होताच केबल संचापासून सोडवून खिडकीबाहेर ठेवावी आणि संच त्याच्या दांडीवरच ऐकावा. वर सांगितलेले डायोड प्रत्यक्ष विजेपासून संरक्षण देत नाहीत. पावसाळ्यात इशारा ऐकण्यासाठी उभारलेले साधनच अपघाताचे कारण होऊ नये.

शाळा आणि ग्रामपंचायत

हे काम एका व्यक्तीच्या हौसेवर सोडल्यास ती व्यक्ती बदलून गेली की खांब गंजत राहतो, असा अनेक योजनांचा अनुभव आहे. म्हणून शाळा व ग्रामपंचायत यांनी ते वाटून घ्यावे. शाळेने एक नोंदवही ठेवावी. तीत दिनांक, वेळ, केंद्र, एरियलची उंची व दिशा आणि आवाजाची प्रत एक ते पाच गुणांत लिहावी. नववी-दहावीचे विद्यार्थी महिनाभर अशा नोंदी करतील, तर गावाला आपल्या दरीतील चांगली जागा कळेल आणि विद्यार्थ्यांना लहर, वर्गमूळ व व्यस्त प्रमाण यांचा उपयोग प्रत्यक्ष दिसेल.

ग्रामपंचायतीने खांब व भूमिसंयोग यांची जबाबदारी घ्यावी, मे महिन्यात जोड व केबल तपासून घ्यावी आणि सेलांचा एक कोरा संच कपाटात ठेवावा. आणीबाणीच्या प्रसंगी रेडिओ कोणी ऐकावयाचा व ऐकलेले वाड्यावस्त्यांवर कोणी पोहोचवावयाचे हेही आधीच ठरलेले असावे. ज्यांच्या परिसरात सामुदायिक रेडिओ आहे, त्यांनी आपल्या नोंदी त्या केंद्राला कळवाव्यात. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे २००८ पासून ‘माणदेशी तरंग’ हे असे केंद्र उभे राहिले. आपला आवाज कोणत्या वाडीपर्यंत पोहोचतो हे अशा केंद्रांना श्रोत्यांकडूनच कळू शकते.

या प्रयोगाचे यश विवर्धकाने संकेत किती पटींनी वाढविला यावर मोजावयाचे नाही. पावसाच्या रात्री, वीज व मोबाइल दोन्ही बंद असताना, पंचायतीच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला बातमीतील नदीचे नाव आणि पाण्याची पातळी नीट ऐकू आली की नाही, हीच त्याची खरी कसोटी होय. जून उजाडण्यापूर्वी, कोरड्या हवेत, एका रविवारी शिडी लावून या कामाला आरंभ करता येईल.